पहिले पंधराशे किलोमीटर

शहरातल्या निम्म्या गाडीवाल्यांना ब्रेकबाईंनी गाडी शिकवली होती. उरलेल्या निम्म्यांकडे पाहून त्या म्हणायच्या, "यांना कुणी शिकवलं कोण जाणे!"

नाव विद्यार्थ्यांनीच पाडलेलं. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, आणि त्या ब्रेकवर बाईंचा उजवा पाय एकतीस वर्षं टेकलेला होता. गाडी पांढरी, छोटीशी, टपावर ही मोठी पाटी. शिकणाऱ्याने घाबरून मध्येच स्टिअरिंग सोडलं काय नि भर चौकात उलट्या बाजूला गाडी घातली काय, बाईंचा आवाज कधी चढत नसे. "थांबलो आपण. आता बघा, कुठे चुकलं?" एवढंच. त्यांच्या हिशेबी शिकायला येणारे दोनच प्रकारचे: गाडीला घाबरणारे, आणि गाडीनेच ज्यांना घाबरावं असे. पहिल्यांना धीर द्यायचा, दुसऱ्यांना वेसण घालायची, आणि आपण काय करतोय ते दोघांनाही कळू द्यायचं नाही.

त्यांच्या हातून आजवर एकच विद्यार्थी पार वाया गेला, तो म्हणजे त्यांचा नवरा. त्यांना सगळे मास्तर म्हणत, म्हणजे टेलर मास्तर. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारा बाजारपेठेत कुणी नव्हता. पण तोच हात स्टिअरिंगवर गेला की लटपटायचा. तीनदा शिकवणी सुरू झाली. तिसऱ्यांदा मास्तरांनी गाडी थेट टपालपेटीवर नेली.

"पेटी मध्ये आली," ते म्हणाले.

"अहो, पेटी वीस वर्षं तिथेच आहे!"

त्यानंतर संसार टिकवायचा म्हणून दोघांनी तो विषय कायमचा बंद केला.

अशा या ब्रेकबाईंना एका सकाळी डॉक्टरांचा फोन आला. डॉक्टर म्हणजे हाडांच्या डॉक्टर, शहरातल्या मोठ्या इस्पितळातल्या. बावीस वर्षांपूर्वी त्या बाईंकडे शिकायला आल्या होत्या, परीक्षेत दोनदा नापास झाल्या होत्या, आणि तिसऱ्यांदा पास झाल्यावर रस्त्यातच बाईंच्या गळ्यात पडून रडल्या होत्या. आता त्यांच्या हाताखाली आठ डॉक्टर काम करत. आणि हाडांच्या या डॉक्टर स्वतःच्याच इस्पितळाच्या जिन्यावरून घसरून डाव्या पायाचं हाड मोडून घरी बसल्या होत्या.

बाई भेटायला गेल्या तेव्हा डॉक्टर खुर्चीत, पाय स्टुलावर, प्लॅस्टर गुडघ्यापर्यंत.

"हसा," डॉक्टर म्हणाल्या. "सगळे हसून गेलेत."

"मी कशाला हसू? उतरताना कठड्याला हात लावला नसणार तुम्ही. परीक्षेत पण तुम्ही आरसा बघायला विसरायच्या."

मग डॉक्टरांनी खरं दुखणं सांगितलं. चौदा महिने वाट पाहून त्यांची गाडी आली होती. स्पोर्ट्स कार, दोनच सीट, सहा सिलिंडर, हाताने टाकायचे सहा गिअर. आठ आठवड्यांनी शहराबाहेरच्या टेकडीवर मोटारींची शर्यत होती. त्या दिवशी रस्ता बंद ठेवतात, एकेक गाडी एकटीच घड्याळाशी झुंजत वर जाते. डॉक्टरांनी नाव नोंदवलं होतं. आयुष्यात एकदा तरी त्या रस्त्यावर गाडी पळवायची हे त्यांनी तिशीतच ठरवलं होतं, आणि आता पन्नाशी दारात येऊन उभी होती. पण नवं इंजिन काही शोरूममधून निघालं की लगेच पळवायचं नसतं. पहिले पंधराशे किलोमीटर ते रुळवावं लागतं. मग ऑइल बदलायचं, तपासणी करायची, आणि त्यानंतरच पूर्ण जोर.

"प्लॅस्टर निघायला पाच आठवडे. मग गाडी कधी रुळायची आणि मी कधी चालवायची? भाऊ म्हणतो, दोन दिवसांत महामार्गावर पिदाडून आणतो."

"मग?"

"त्याच्या हातात मी माझी जुनी सायकलसुद्धा देणार नाही." डॉक्टर पुढे वाकल्या. "बाई, तुम्ही चालवाल?"

बाईंना वाटलं आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांना चालवायला शिकवलं होतं. त्या स्वतः चालवत ते पाटीवाल्या गाडीतून घरापासून पहिल्या विद्यार्थ्याच्या दारापर्यंत, आणि शेवटच्याच्या दारापासून परत घरी.

"गाडीचं पुस्तक द्या आधी," त्या म्हणाल्या.

पुस्तक त्यांनी दोन दुपारी बसून वाचलं, चष्मा लावून, पेन्सिलीने खुणा करत. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चार हजार आरपीएमच्या वर जाऊ द्यायचा नाही. एकाच वेगाने फार वेळ चालवायचं नाही. पाय पूर्ण दाबायचा नाही. पहिले तीनशे किलोमीटर ब्रेकही जपून, टायरही नवे असतात. गाडी ताब्यात घ्यायला गेल्या तेव्हा शोरूमचा विक्रेता गोड हसून म्हणाला, "अहो बाई, हल्लीच्या इंजिनांना एवढं काही लागत नाही. जुन्या काळच्या गोष्टी या."

"मग पुस्तकात छापलंय कशाला?"

"छापायचं असतं."

"पुस्तक कंपनीने लिहिलंय का तुम्ही?"

विक्रेत्याने किल्ली पुढे केली. मागे वर्कशॉपचा फोरमन उभा होता, पिकल्या मिशांचा, हातात पुसायचं फडकं. तो कुणाशी फारसा बोलत नसे. पण हा प्रश्न ऐकून तो पुढे आला.

"आत पिस्टनच्या रिंगा नव्या, सिलिंडरच्या भिंती नव्या," तो म्हणाला. "दोघांची अजून ओळख व्हायचीय. फार मार दिला तर ओरखडे पडतात. पण फार लाड केले, नुसतीच रांगवली, तरी रिंगा नीट बसत नाहीत. मग जन्मभर ऑइल पिते. काम द्या तिला. फक्त दमाने द्या."

"लाड पण नकोत आणि मार पण नको."

"तेच."

"मग मला जमेल," बाई म्हणाल्या. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं?

गाडी गर्द हिरवी होती, चिंचेच्या जुन्या पानासारखी, आणि इतकी बुटकी की तिचं छत बाईंच्या खांद्याला लागत होतं. मास्तरही बरोबर होते. बाईंनीच त्यांना आणलं होतं, काट्यावर लक्ष ठेवायला आणि वही लिहायला. मास्तरांनी दार उघडलं, आत वाकून पाहिलं, एक पाय घातला, काढला, दुसरा घातला.

"ही काय बसायची गाडी आहे?" ते म्हणाले. "ही तर पँटसारखी चढवायची."

आत बसल्यावर मात्र त्यांनी सीटच्या शिवणीवरून बोट फिरवलं. एवढे बारीक, एकसारखे टाके त्यांनाही रोज जमत नसत.

बाईंनी इंजिन सुरू केलं. पाठीमागून, मणक्याला जाणवेल असा एक जाडसर आवाज आला. पहिला गिअर, क्लच हळूहळू वर, आणि शोरूमच्या फाटकात, विक्रेता, फोरमन, दोन झाडूवाले, सगळ्यांच्या देखत गाडी धक्का देऊन बंद पडली.

बाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. शेवटची गाडी त्यांच्या हातून बंद पडली होती तेव्हा त्यांचं लग्नसुद्धा व्हायचं होतं.

मास्तरांनी पुढेच बघत, अगदी शांतपणे म्हटलं, "बंद पडली तर पडली. गाडी आहे, सासू नाही. रुसत नाही."

हे वाक्य बाईंचंच होतं. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी त्या हेच सांगत, आणि घरी जेवताना मास्तरांना तेच ऐकवत. त्यांना हसू आलं. पुन्हा किल्ली फिरवली. या वेळी गाडी फाटकातून अशी निघाली जशी दुधावरून साय काढावी.

त्या दिवसापासून रोज सकाळी सात ते दहा हा गाडीचा वेळ ठरला. पहिल्या विद्यार्थ्यांच्या वेळा बाईंनी दुपारवर ढकलल्या, मास्तरांनी दुकान अकराला उघडायला सुरुवात केली. आधी गाडीखाली वाकून जमिनीवर थेंब पडलाय का पाहायचं, मग ऑइलची पट्टी ओढून पाहायची, मग इंजिन सुरू करून लगेच निघायचं पण ऑइल तापेपर्यंत अडीच हजाराच्या वर जायचं नाही. मग शहराच्या कडेचा रस्ता, कारखान्यांची वसाहत, नदीकाठचा वळणावळणाचा रस्ता, घाटाचा चढ, तोच घाट उतरून परत. चढावर इंजिनाला काम मिळे. उतारावर बाई गिअर खाली घेऊन पाय उचलत, आणि इंजिनच गाडीला धरून ठेवे. फोरमननेच सांगितलं होतं: दोन्ही बाजूंनी रिंगांवर ताण आला पाहिजे, कधी ढकलताना, कधी आवरताना.

मास्तरांच्या मांडीवर वही, हातात घड्याळ. पाच मिनिटं झाली की ते ओरडत, "बदल!" आणि बाई वेग बदलत. काटा साडेतीन हजारांवर गेला की ते खाकरत. पावणेचारवर गेला की पाय आखडून बसत.

"अहो, चारपर्यंत परवानगी आहे."

"कापड कापताना मी पाव इंच सोडतो," मास्तर म्हणत. "नंतर कापता येतं, जोडता येत नाही."

लोकांची मात्र करमणूक झाली. एवढी देखणी गाडी, आणि चालते अशी! वाघ पाळावा आणि त्याला गवत खायला घालावं तसंच. तिसऱ्या दिवशी दुधाची व्हॅन त्यांना मागे टाकून गेली. चौथ्या दिवशी स्कूटरवरचे एक आजोबा. सिग्नलला बाईंचा एक जुना विद्यार्थी शेजारी थांबला, काच खाली करून म्हणाला, "बाई! गाडी बिघडलीय का? ढकलू?"

"इंडिकेटर बंद कर आधी तुझा," बाई म्हणाल्या. "दोन चौक झाले लुकलुकतोय."

वरवर त्या असं उत्तर देऊन मोकळ्या होत. पण खरं सांगायचं तर पहिले काही दिवस त्यांना ते लागलं. कुणी ओलांडून जाताना मान वळवून बघे, गाडीकडे कौतुकाने, मग चालवणारीकडे कीव केल्यासारखं. बाईंनी जन्मभर लोकांना घाबरटांची कीव करताना पाहिलं होतं, ती आपल्या वाट्याला येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्या मास्तरांना म्हणाल्या, "पाठीमागे कागद चिकटवू का, की इंजिन नवीन आहे म्हणून?"

"कशाला? मी अर्धवट शिवलेला कोट पुतळ्यावर टांगतो. येणारे-जाणारे हसतात, एक बाही कुठेय म्हणून. त्यांना मी पाटी लावून सांगतो का?"

बाईंनी कागद लावला नाही.

वहीत सहाशे चाळीस किलोमीटर झाले त्या सकाळी डॉक्टरांचा भाऊ दारात हजर झाला. चाळिशीचा, गॉगल कपाळावर, आवाज असा की शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्या. गाडी बाईंच्या घराखाली, भाड्याने घेतलेल्या बंद गॅरेजमध्ये असे.

"बाई, आज तुम्ही आराम करा. एक चक्कर मी मारून आणतो. या वेगाने तर तुम्ही पुढच्या वर्षीच्या शर्यतीपर्यंत पोचाल."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही."

त्याने हसून फोन काढला, बहिणीला लावला, आणि फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. "ताई, मी जरा गाडी नेतो गं."

पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला. "किल्ली बाईंकडे आहे. त्यांना विचार."

"अगं, पण गाडी तुझी!"

"त्यांना विचार," आणि फोन बंद.

भाऊ बाईंकडे वळला, या वेळी हसू अर्धं झालेलं. "बाई, गाडी माझ्या बहिणीची आहे."

"गाडी तुमच्या बहिणीचीच आहे," बाई म्हणाल्या. "पण पहिले पंधराशे किलोमीटर माझे आहेत. तुम्हाला बसायचं असेल तर शेजारी बसा. हे आज दुकान लवकर उघडतील."

मास्तर क्षणात तयार झाले. भाऊ खरंच बसला. पहिले दहा किलोमीटर त्याने गाडी कशी चालवावी यावर व्याख्यान दिलं. पुढचे दहा, पाच मिनिटांनी "बदल!" म्हणायचं काम बाईंनी त्याच्यावर सोपवलं, ते त्याने चिडत चिडत केलं. मग घाट लागला. वरच्या तिसऱ्या वळणावर बाईंनी गिअर खाली घेतला, तो इतका अलगद पडला की गाडीला कळलंच नाही, आणि भाऊ पहिल्यांदाच बाईंच्या पायांकडे निरखून पाहू लागला. परत येऊन उतरताना तो म्हणाला, "हे असं, न हिसकता कसं करता?"

"चाळीस तास लागतील. बुधवारी चारची वेळ रिकामी आहे."

तो आला नाही ते सोडा. पण पुन्हा किल्लीही मागितली नाही.

बाईंची खरी परीक्षा पुढे होती, आणि ती घेणारं कुणी समोर नव्हतं. अकराशे किलोमीटर झाल्यावर एका सकाळी मास्तरांना दुकानात तातडीचं काम निघालं आणि बाई एकट्याच निघाल्या. नदीकाठच्या रस्त्याचा शेवटचा तुकडा सरळसोट आहे, चार किलोमीटर, दोन्ही बाजूंना मोकळी शेतं, वाहतूक नाही. पाठीमागून एक काळी गाडी आली, वेगवान जातीची. चालवणारा तरुण शेजारून चालू लागला, बाईंकडे पाहून त्याने इंजिन दोनदा गुरगुरवलं. चल, म्हणाला. तोंडाने नाही, इंजिनाने.

गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती, काटा तीन हजारांवर. आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला जायचंय. मनापासून जायचंय. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी गाडी एकदाही जोरात पळवली नव्हती. तरुणपणी गाडी नव्हती, मग गाडीवर पाटी आली. इतकी वर्षं त्यांचा पाय दुसऱ्यांचा वेग आवरत आला, पण त्या पायाला स्वतःला काय हवंय हे कुणी विचारलं नव्हतं, त्यांनीही नाही. शेजारी खाकरायला मास्तर नव्हते. वहीत कुणी लिहिणार नव्हतं. इंजिनही जणू म्हणत होतं, दे ना.

त्यांनी पाय दाबला. साडेतीन. पावणेचार. तीन हजार नऊशे. पाठीमागचा आवाज भरत गेला, सीटने पाठ धरली. अजून बोटभर दाबलं की झालं.

काटा चारच्या रेघेला टेकण्याआधी बाईंनी पाय उचलला. गाडी इंजिनावर हळूहळू आवरली, तसा काळ्या गाडीवाल्याने हात उडवला आणि धूळ उडवत दिसेनासा झाला.

बाई कडेला थांबून पाणी प्यायल्या. मनात पश्चात्ताप नव्हता, अपमानही नव्हता. उलट ऊर भरून आला होता. कुणी बघत नसताना आपण नियम पाळला याचं नव्हे, तो तर त्या नेहमीच पाळत. ज्या गोष्टीचा आपल्याला खरोखर मोह होता तीच आपण राखून ठेवली, याचं. परीक्षेत पास होणारे विद्यार्थी त्यांनी हजारांनी पाहिले होते. आज पहिल्यांदा त्यांना त्या चेहऱ्यामागचं कळलं. घरी आल्यावर त्यांनी मास्तरांना सगळं खरं सांगितलं आणि वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं: "३९००, सरळ रस्ता, अर्धा मिनिट."

मास्तरांनी ते वाचलं. "पाव इंच नाही सोडलंस," ते म्हणाले. मग चष्मा काढून हसले. "पण कापलंसही नाही."

तेराशे किलोमीटरच्या सुमाराला आवाज बदलला. एका दिवसात नव्हे, पण एका सकाळी घाट चढताना दोघांनाही एकाच वेळी जाणवला. सुरुवातीला इंजिनात एक कोरडेपणा होता, नव्या बुटासारखा. तो गेला होता. काटा आधीपेक्षा हलका चढत होता, पाय उचलला तर गाडी जास्त लांब वाहत जात होती. ऑइलची पट्टी पहिल्या आठवड्यात थोडी थोडी उतरत होती, ती आता चार दिवस एका जागी होती.

"बसल्या," बाई म्हणाल्या.

"कोण?"

"रिंगा."

पंधराशे चार किलोमीटरला गाडी वर्कशॉपमध्ये गेली. डॉक्टर कुबड्या घेऊन आल्या होत्या, प्लॅस्टर चार दिवसांपूर्वीच निघालं होतं. फोरमनने ऑइल काढलं, फिल्टर कापून त्यातला कागद उजेडात धरला. बारीक राखेसारखी चमक होती, धातूचा सुटा कण एकही नाही. मग त्याने एकेका सिलिंडरचा दाब मोजला आणि आकडे खडूने फळीवर लिहिले. सहा आकडे, एकाखाली एक. मोठ्यात मोठा आणि लहानात लहान यांत नजरेत भरण्याएवढाही फरक नव्हता.

फोरमनने शोरूमच्या विक्रेत्याला हाक मारून आत बोलावलं.

"हे बघ," तो म्हणाला. "जुन्या काळच्या गोष्टी."

विक्रेत्याने आकडे पाहिले, बाईंकडे पाहिलं, आणि कसनुसं हसला. फोरमनने हात फडक्याला पुसून बाईंपुढे केला. "एकोणतीस वर्षं इंजिनं उघडतोय. असं रुळवलेलं चार-पाचदाच पाहिलंय."

बाईंनी हात मिळवला. मास्तरांनी लगेच वही उघडून फोरमनला पानं दाखवायला सुरुवात केली, दिवसवार, वेळवार, आणि तो खरंच प्रत्येक पान बघत होता.

पुढचे पंधरा दिवस डॉक्टरांनी गाडी हाताखालून घातली. रोज संध्याकाळी, मोकळ्या रस्त्यावर, शेजारी बाई. गाडीबाहेर त्या "अहो डॉक्टर" होत्या. आत बसल्या की जुनं नातं परत येई. "अगं, उशीर करतेस. वळणाच्या आधी गिअर, वळणात नाही." आणि आठ डॉक्टरांना धाकात ठेवणाऱ्या डॉक्टर "हो बाई" म्हणत.

शर्यतीच्या दिवशी टेकडीच्या पायथ्याशी अठ्ठावीस गाड्या होत्या. डॉक्टर सतराव्या नंबरवर निघाल्या. हिरवा ठिपका झाडांत शिरला, पुन्हा वरच्या वळणावर दिसला, पुन्हा लपला, आणि बाई तो फक्त कानाने वाचत राहिल्या. दुसरा गिअर, तिसरा, आता पाय उचलला, आता दाबला. इंजिन वर जाताना एकदाही अडखळलं नाही, खोकलं नाही. भोंग्यावर वेळ जाहीर झाली, शेवटी यादीत डॉक्टर नवव्या आल्या. त्यांच्या वयाचं कुणी त्यांच्या पुढे नव्हतं. भाऊ बाईंना सोडून बाकी सगळ्यांना सांगत होता की गाडी आपल्या घरची आहे. मग बाईंजवळ येऊन हळूच म्हणाला, "तुमच्याच पंधराशे किलोमीटरचं यश आहे हे."

शर्यत संपल्यावर रस्ता आणखी तासभर बंद ठेवतात. भाग घेणाऱ्यांच्या घरच्यांना, शिकवणाऱ्यांना, वेळ न मोजता एकेकदा वर जाऊन येता येतं. डॉक्टरांनी हेल्मेट काढलं आणि बाईंच्या हातात दिलं.

"जा," त्या म्हणाल्या. "एकटीने. आणि बाई, आता काही राखून ठेवू नका."

बाईंनी एकदा मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "मी बसत नाही. मी खाकरेन."

पहिल्या सरळ तुकड्यावर बाईंनी पाय खाली नेला आणि तिथेच ठेवला. चार हजारांची रेघ आली आणि गेली, जशी एखाद्या गावाची शीव गाडीतून ओलांडावी. पाच. त्यानंतर इंजिनाचा आवाज जाडसर राहिला नाही, तो उंच आणि स्वच्छ होत गेला, आणि बाईंना त्या आवाजातला प्रत्येक तुकडा ओळखीचा वाटला, कारण तो त्यांनीच, रोज सकाळी, थोडा थोडा तयार केला होता. सहा. झाडं खिडकीत एकमेकांत मिसळली. गिअर, वळण, पुन्हा पाय. वळणांवर त्यांनी सगळं तेच केलं जे एकतीस वर्षं सांगत आल्या होत्या. फक्त पाय आज त्यांचा स्वतःचा होता. वरच्या शेवटच्या सरळ रस्त्यावर काट्याने सात हजार ओलांडले.

वर झेंडेवाल्याने हात दाखवला, तेव्हा बाई मोठ्याने हसत होत्या, हेल्मेटच्या आत, एकट्याच.

त्या खाली आल्या तेव्हा मास्तर गर्दीतून वाट काढत गाडीपर्यंत पोचले. दार उघडायच्या आधीच त्यांनी काचेवर टकटक केली. "कितीपर्यंत गेली गं?"

बाईंनी हेल्मेट काढलं. केस विस्कटलेले, गाल लाल.

"सात हजार दोनशे."

शेजारून कुणीतरी इंजिन सुरू केलं आणि मास्तरांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी कानामागे हात धरला. म्हणून बाईंनी पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्याने, आजूबाजूच्या दहा-बारा जणांना सहज ऐकू जाईल अशा आवाजात.